कडीत कडी : गळ्यातील साधी साखळी घरी कशी करावी



संस्कृतातील 'शृंखला' या शब्दापासून मराठीत 'साखळी' झाली आणि आमच्या कोंकणीत 'सांखळ' झाली. या एकाच शब्दाच्या पोटात किती भिन्न वस्तू सामावल्या आहेत पाहा. बंदिवानाच्या पायांत असते ती साखळी, जहाजाचा नांगर धरून ठेवते ती साखळी, सायकलचे चाक फिरवते तीही साखळी आणि आई हौसेने मुलीच्या गळ्यात घालते तीही साखळीच. धातू निराळा, आकार निराळा, प्रयोजन तर अगदीच निराळे. परंतु मूळ कल्पना एकच. एक कडी घ्यावी, तिच्यात दुसरी अडकवावी, दुसरीत तिसरी अडकवावी आणि प्रत्येक कडीचे तोंड नीट मिटवावे.

आपल्याकडील स्त्रियांच्या गळ्यातील दागिन्यांची नावे घेऊ लागलो तर वही भरेल. मोहनमाळ, बोरमाळ, पुतळीमाळ, ठुशी, चपलाहार, लक्ष्मीहार, कोल्हापुरी साज, गोफ अशी किती तरी. यांतील बरेचसे अलंकार घडवण्यास वर्षानुवर्षांची उमेदवारी लागते. कडीत कडी अडकवून केलेली साधी साखळी मात्र नवशिक्याच्याही आवाक्यातील आहे आणि तिचे कूळही थोर आहे. इराकमधील ऊर या प्राचीन नगरीत लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. तेथील राजघराण्याच्या दफनभूमीत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सुवर्णालंकार सापडले. त्यांत सोन्याच्या तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून केलेल्या साखळ्याही आहेत. म्हणजे आज आपण जे करणार आहोत, त्याची वाट इतक्या पूर्वीच पडलेली आहे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा विचार मांडला. त्या विचाराविषयी मतभेद झाले आणि होतील. पण हाताने एखादी वस्तू पूर्ण करून पाहिल्यावाचून तिच्यातील ज्ञान पुरतेपणी कळत नाही, एवढे तरी कोणीही मान्य करील. साखळीचेही तसेच आहे. या पाठात आपण तांब्याच्या तारेची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, ९० कड्यांची एक साखळी करणार आहोत. मुलगे आणि मुली या दोघांनाही ती करता येईल. आरंभीच एक गोष्ट मनात ठेवावी : नव्वदांपैकी एकोणनव्वद कड्या उत्तम मिटल्या आणि एकच अर्धवट राहिली, तर सारी साखळी गळ्यातून ओघळून पडते. त्या वेळी उरलेल्या एकोणनव्वद कड्यांचा चांगुलपणा काही कामास येत नाही. म्हणून या कामात मोठे कौशल्य एकदा दाखवून भागत नाही. लहानसे काम नव्वद वेळा सारख्याच निष्ठेने करावे लागते.

साहित्य

१. तांब्याची तार : १ मिलिमीटर जाडीची, २ मीटर लांब. हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते. विजेच्या कामातून उरलेला एकाच जाड तारेचा वायरीचा तुकडा मिळाला, तर त्यावरील प्लास्टिकचे आवरण चाकूने सोलून काढावे. ते जाळून काढण्याचा मोह टाळावा, कारण त्या धुरात विषारी वायू असतात. घरातील जोडणीच्या वायरीला तर कोणीही हात लावू नये.

२. पोलादी सळई : ५ मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, वीतभर लांब. तेवढ्या जाडीचा लांब, सरळ खिळाही चालेल.

३. दोन पकडी : चपट्या तोंडाच्या आणि आत दातरे नसलेल्या. दातरे असतील तर तोंडाभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे तारेवर ओरखडे उठणार नाहीत.

४. तार कापण्याची कातर किंवा बारीक पात्याची करवत.

५. बारीक कानस, मऊ काचकागद, मोजपट्टी, शिवणाचा दोरा आणि कड्या ठेवण्यासाठी दोन ताटल्या.

तांबेच का, असे कोणी विचारील. तांबे मऊ आहे, हवे तसे वळते, स्वस्त आहे आणि चुकले तर पुन्हा सरळ करून वापरता येते. लोखंडाची तार गंजते. जर्मन सिल्व्हर नावाने विकली जाणारी तार चांदीसारखी चकाकते खरी, पण तिच्यात चांदीचा अंशही नसतो. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण असते. निकेलमुळे पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते व पुरळ उठते. म्हणून गळ्यातील वस्तूसाठी ती वापरू नये.

आधी थोडे गणित

कारागीर हातोडी उचलण्यापूर्वी हिशेब करतो. आपणही करू या. आपली कडी ५ मिलिमीटरच्या सळईवर वळवली जाईल, म्हणून तिचा आतला व्यास ५ मिलिमीटर होईल. तारेची जाडी दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर, म्हणून बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर होईल. आता ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या साखळीस कड्या किती लागतील?

येथे पुष्कळ जण ४५० ला ७ ने भागतात आणि ६४ कड्या करून मोकळे होतात. साखळी जोडून पाहिली की ती जेमतेम ३२ सेंटिमीटर भरते आणि गळ्यात येत नाही. याचे कारण असे की, साखळी ताणली असता प्रत्येक कडीची तार शेजारच्या कडीच्या पोटात शिरलेली असते. तारेची जाडी तेवढ्यापुरती लपून जाते आणि प्रत्येक कडीमागे लांबीत भर पडते ती केवळ आतल्या व्यासाची. म्हणून ४५० ला ५ ने भागावे. उत्तर ९० येते. हे पटत नसेल तर चार कड्या एकमेकींत अडकवून, ताणून मोजपट्टीवर ठेवाव्या. चार पाचे वीस आणि दोन टोकांच्या तारेची जाडी २, अशी २२ मिलिमीटर लांबी भरेल.

आता तारेची लांबी. कडीभोवतीची तार तिच्या मध्यरेषेवर मोजतात. मध्यरेषेचा व्यास ६ मिलिमीटर, परीघ ३.१४ गुणिले ६, म्हणजे सुमारे १८.८ मिलिमीटर. अशा ९० कड्यांस जवळजवळ १ मीटर ७० सेंटिमीटर तार लागेल. आकड्यासाठी ४ सेंटिमीटर आणि कापताना होणारी नासधूस धरून २ मीटर तार पुरते.

वजनाचाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १ मिलिमीटर जाडीच्या १७० सेंटिमीटर तारेचे घनफळ सुमारे १.३३ घन सेंटिमीटर होते. तांब्याची घनता ८.९६ आहे, म्हणून साखळीचे वजन सुमारे १२ ग्रॅम भरेल. जुन्या मापात तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे आपली साखळी एक तोळ्याहून किंचित जड होईल. हीच साखळी शुद्ध सोन्याची केली, तर सोन्याची घनता १९.३ असल्यामुळे ती सुमारे २६ ग्रॅमची, म्हणजे दोन तोळ्यांहून अधिक वजनाची होईल. आकार तोच, घाट तोच. पण सोने तांब्याच्या दुपटीहून जड. सोनाराच्या हातात दागिना पडताच त्याला शंका येते ती या वजनामुळेच.

कृती

पहिली पायरी, तार सरळ करणे. तारेचे एक टोक खिळ्याला किंवा खिडकीच्या गजाला घट्ट बांधावे. दुसरे टोक पकडीत धरून सावकाश, एकसारखे ओढावे. तार किंचित लांबल्यासारखी वाटते आणि तिचे सारे बाक निघून जातात. झटका देऊ नये. यानंतर कापडाने ती पुसून घ्यावी.

दुसरी पायरी, वेटोळे वळणे. तारेचे टोक सळईशी अंगठ्याने दाबून धरावे आणि तार तिच्याभोवती गुंडाळावी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे. मध्ये फट राहिली तर कड्या तिरप्या होतात. एका वेळी वीस-पंचवीस वेढे झाले की वेटोळे सळईवरून काढून घ्यावे. दिसायला ते घट्ट स्प्रिंगसारखे असेल.

तिसरी पायरी, कड्या कापणे. वेटोळे एका रेषेत उभे कापले की प्रत्येक वेढ्याची एक कडी सुटी होते. बारीक करवतीने कापल्यास दोन्ही टोके सपाट येतात आणि पुढे ती एकमेकांना चांगली भिडतात. कातरीने कापल्यास एक टोक सपाट आणि दुसरे निमुळते येते. अशा वेळी कातर उलटी धरून निमुळते टोक पुन्हा किंचित कापावे आणि मगच पुढच्या कडीकडे वळावे. कंटाळवाणे वाटले तरी हे टाळू नये. निमुळते टोक आणि सपाट टोक यांचा सांधा कधीच पुरता मिटत नाही. कापताना तारेचे तुकडे उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि कातरीवर डाव्या हाताचा आडोसा धरावा.

चौथी पायरी, कडी उघडणे व मिटणे. हा या पाठाचा गाभा होय. कडीची दोन टोके दोन पकडींत धरावीत. तोंड बरोबर वरच्या बाजूस असावे. आता एक टोक आपल्याकडे आणि दुसरे आपल्यापासून दूर, असे बाजूला सरकवावे. दोन्ही टोके डावी-उजवीकडे फाकवू नयेत. फाकवली की कडीची गोलाई मोडते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. दार उघडताना आपण ते बिजागरीवर फिरवतो, चौकटीतून उपटून काढत नाही; तसेच हे आहे.

मिटताना उलट क्रिया करावी. टोके समोरासमोर आली की लगेच थांबू नये. तांब्यात थोडी परत फिरण्याची ओढ असते. सोडताच टोके केसभर मागे सरकतात. म्हणून टोके एकमेकांस ओलांडून किंचित पलीकडे न्यावीत, पुन्हा अलीकडे आणावीत आणि हे करताना आतल्या बाजूस हलका दाब द्यावा. दोन-तीन वेळा असे केले म्हणजे टोके एकमेकांवर घासून बसतात आणि बसल्याची जाणीव बोटांना होते. पहिल्या दहा-बारा कड्या वाकड्या होतील. त्या बाजूला ठेवाव्यात. पुढच्या कड्या पाहून आपली प्रगती मोजायला त्या उपयोगी पडतात.

पाचवी पायरी, जोडणी. ९० कड्यांपैकी ४५ आधीच पूर्ण मिटून एका ताटलीत ठेवाव्यात आणि उरलेल्या ४५ उघडून दुसऱ्या ताटलीत ठेवाव्यात. एका उघड्या कडीत दोन मिटलेल्या कड्या ओवून ती मिटावी. या तिन्हींच्या टोकाच्या कडीत पुन्हा एक उघडी कडी अडकवून तिच्यात पुढची मिटलेली कडी ओवावी. याप्रमाणे पाच मिटलेल्या व चार उघड्या कड्यांचा, एकूण नऊ कड्यांचा एक तुकडा करावा. असे नऊ तुकडे झाले की ८१ कड्या संपल्या. नऊ तुकडे सांधण्यास आठ उघड्या कड्या लागतात, ८९ झाल्या. शेवटची नव्वदावी कडी आकडा अडकवण्यासाठी राहते. लहान तुकड्यांत काम केल्याने मोजणी चुकत नाही आणि साखळीला पीळही पडत नाही.

सहावी पायरी, आकडा. ४ सेंटिमीटर तार घेऊन तिच्या एका टोकाला लहान फासा वळवावा. उरलेली तार सळईभोवती अर्धी वळवून तिचा आकडा करावा आणि अगदी टोक किंचित बाहेर वळवावे, म्हणजे ते मानेला बोचणार नाही आणि कडीत सहज शिरेल. टोक कानशीने घासून गोल करावे. तयार आकडा सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने हलकेच ठोकावा. तांबे ठोकल्याने, वळवल्याने आणि ताणल्याने कठीण होते. तापवल्याने पुन्हा मऊ पडते. म्हणून ठोकलेला आकडा लवकर उलगडत नाही. नव्वदाव्या कडीने तो साखळीच्या एका टोकास जोडावा. दुसऱ्या टोकाची शेवटची कडी त्याचे घर होईल.

परीक्षा

साखळी झाली की ती गळ्यात घालण्यापूर्वी तिची तीन प्रकारे परीक्षा घ्यावी.

पहिली परीक्षा प्रकाशाची. प्रत्येक कडीचा सांधा खिडकीच्या उजेडासमोर धरावा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर ती कडी पुन्हा मिटावी.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. शिवणाचा दोरा कडीत घालून सांध्यावर हलकेच ओढावा. दोरा अडकला किंवा फटीतून निसटला तर सांधा पुरता बसलेला नाही. जो सांधा आज दोऱ्याला अडवतो, तो उद्या केसाला व कापडाला अडकणार हे उघड आहे.

तिसरी परीक्षा भाराची. साखळीचे एक टोक खिळ्याला अडकवून दुसऱ्या टोकाला पाव किलो तांदळाची पुरचुंडी बांधावी आणि दहा मिनिटे राहू द्यावी. त्यानंतर कोणती कडी किंचित उघडली आहे ते पाहावे. उघडलेल्या कडीचा सांधा बहुधा बाजूला आलेला आढळेल. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अखंड कडीत वजनाचा भार डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाहूंवर वाटला जातो. एका बाहूत सांधा असेल आणि तो नुसता टेकलेला असेल, तर तो बाहू काहीच भार उचलत नाही. सारा भार दुसऱ्या बाहूवर पडतो आणि तो हळूहळू सरळ होऊ पाहतो. दोघांनी उचलायचे ओझे एकट्यावर पडावे तशी ही स्थिती असते.

नुसत्या टेकलेल्या सांध्यांची आपली साखळी जोराने ओढली तर कुठे तरी उघडणार, हे यावरून ध्यानात येईल. मुलांच्या गळ्यातील वस्तूच्या दृष्टीने हा दोष नव्हे. खेळताना साखळी कशात अडकली तर मानेला काच बसण्यापूर्वी ती सुटलेली बरी. तथापि, अगदी लहान मुलांच्या गळ्यात ती घालू नये आणि झोपताना कोणीही गळ्यात ठेवू नये.

सोनार काय अधिक करतो?

आपला सांधा जेथे संपतो तेथून सोनाराचे काम सुरू होते. आमच्या गोमंतकात सोनाराला आदराने 'शेट' म्हणतात. हे शेट सोन्याची कडी मिटल्यावर तिच्या सांध्यावर टाकणखार लावतात, डाखाचा बारीकसा कण ठेवतात आणि फुंकणीने ज्योत त्या एका जागी वळवतात. डाख म्हणजे मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेवर वितळणारे मिश्रण. शुद्ध सोने १०६४ अंशांवर वितळते. डाख त्याआधीच वितळून सांध्यात शिरला पाहिजे आणि कडी मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे. क्षणभर ज्योत अधिक रेंगाळली तर कडीच वितळते. शेजारच्या कडीला डाख लागला तर दोन कड्या चिकटून बसतात आणि साखळी लवचीक राहत नाही. हे काम प्रत्येक कडीला करायचे असते. हे विद्यार्थ्यांनी घरी एकट्याने करून पाहू नये. जाणत्या कारागिराजवळ बसून डोळ्यांनी पाहावे. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गाव बेळगावकडून काही फार दूर नाही. तिकडे जाण्याचा योग आला तर कारखान्याच्या ओसरीवर अर्धा तास तरी थांबावे.

दागिना घेताना पावतीवर सोन्याच्या किमतीखेरीज 'घडणावळ' लावलेली असते. पुष्कळ घरांत या रकमेवरून कुरकुर होते. सोने ते सोने, त्याचे पैसे कळतात. घडणावळ कशाची, असे विचारले जाते. आजकाल बऱ्याच साखळ्या यंत्रावर होतात आणि यंत्राच्या कामाची मजुरी वेगळी असते, हे खरे. परंतु हाताने केलेल्या साखळीची घडणावळ कशाची असते, याचे उत्तर ज्याने स्वतः नव्वद कड्या मिटल्या आहेत त्याला विचारावे. आपल्या समाजात पुस्तक धरणारा हात वरचा आणि कानस धरणारा हात खालचा, असे मानण्याची रीत फार जुनी आहे. आम्ही शिक्षक मंडळीही तिच्यापासून पूर्णपणे मुक्त आहोत असे म्हणवत नाही. मिलिमीटरचा दहावा भाग नजरेने ओळखणे, ज्योतीच्या रंगावरून उष्णता जाणणे, बोटांच्या टोकाने सांधा वाचणे, हीही विद्याच आहे. तिची परीक्षा मात्र वर्षातून एकदा न होता प्रत्येक कडीला होते.

घरातील मोठ्यांसाठी दोन शब्द

भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यासोबत सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक असणेही आवश्यक झाले. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. हजार भागांत ९१६ भाग सोने, असा त्याचा अर्थ. ही व्यवस्था ग्राहकाच्या हिताची आहे. पण हा शिक्का सांगतो ती सोन्याची शुद्धता. सांधा पक्का आहे की नाही, हे तो सांगत नाही. उत्तम सोन्याची साखळीही एका कच्च्या किंवा झिजलेल्या कडीमुळे बाजारात, बसमध्ये, नदीवर गळून पडते आणि घरात दिवसचे दिवस हळहळ होते.

म्हणून या पाठात शिकलेली परीक्षा घरातील साखळीवरही करावी. वर्षातून एकदा, सणापूर्वी दागिने काढले असता, भरपूर उजेडात साखळी बोटांतून सावकाश सरकवावी. आकड्याजवळच्या एक-दोन कड्या विशेष निरखाव्यात. घालता-काढताना त्यांवरच सर्वांत अधिक ताण येतो. मंगळसूत्रात पदक किंवा वाट्या ज्या कडीत अडकवलेल्या असतात तीही पाहावी. कडीला कडी जेथे घासते तेथे धातू झिजून तार बारीक झालेली दिसते. तशी कडी आढळली तर वाट न पाहता सोनाराकडून बदलून घ्यावी. एक कडी बदलण्याचा खर्च साखळी हरवण्याच्या मानाने काहीच नव्हे. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींवर सोपवले तर त्यांची नजर तयार होईल आणि आजीच्या चष्म्यालाही विश्रांती मिळेल.

साखळीची निगा

तांबे हवेत काळवंडते. कोकमाच्या साली, ज्यांना आम्ही 'सोलां' म्हणतो, त्या पाण्यात भिजवून त्या पाण्यात साखळी पाच-दहा मिनिटे ठेवावी. चिंचेचे पाणीही चालते. त्यांतील आम्लामुळे तांब्यावरील काळा थर विरघळतो आणि खालचा तांबूस रंग उजळून निघतो. देवघरातील तांब्या-पळी घासताना आपल्या आज्या जे रसायनशास्त्र वापरतात ते हेच. यानंतर साखळी स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरड्या कापडाने पुसून, थोडी उन्हात वाळवावी. आम्लाचा अंश कड्यांच्या मध्ये राहिला तर हिरवट थर चढतो.

घामामुळेही तांब्याचा हिरवा डाग मानेवर उमटतो. तो साबणाने धुतला की जातो. त्याची भीती बाळगू नये. ज्यांच्या कातडीला खाज येत असेल त्यांनी मात्र साखळी गळ्यात घालू नये; कृष्णाच्या मूर्तीला, दिव्याला किंवा चित्राच्या चौकटीला ती अडकवली तरी शोभते. समुद्राच्या पाण्यात आणि स्नानाच्या वेळी ती काढून ठेवावी.

मित्रहो, ही साखळी एका बैठकीत होणार नाही. सुटीतील तीन-चार दुपारी तिला द्याव्या लागतील. पहिल्या दुपारी वेटोळे होईल, दुसऱ्या दुपारी कड्या कापून होतील आणि उरलेला सारा वेळ मिटण्यात जाईल. बोटे दुखतील. पन्नासाव्या कडीच्या सुमारास 'एवढी एक राहू दे, कोणाला दिसते?' असे मन म्हणू लागेल. बघणाऱ्याला खरोखरच दिसत नाही. सांधा असतो केवळ मिलिमीटरभर आणि मानेमागे लपलेला. परंतु साखळीला तो ठाऊक असतो आणि भार आला की ती नेमकी तेथेच उघडते. म्हणून त्या पन्नासाव्या कडीपाशी थोडे थांबावे, पाणी प्यावे, हात पुसावे आणि ती कडी पहिलीइतक्याच काळजीने मिटावी.

तयार झालेली साखळी मोजून पाहावी. ४५ सेंटिमीटर भरली, दोरा कोठे अडकला नाही, पाव किलोच्या भाराने एकही कडी उघडली नाही, तर समजावे की हा पाठ पाठांतरावाचून पाठ झाला. आणि मग ती आईच्या, बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या हाती देताना तिची किंमत सांगू नये. कड्या किती आहेत तेवढे सांगावे.